कर्सर कुठे आहे, हे मॅक्रोला कसं कळतं?

वर्डमध्ये मॅक्रो (म्हणजे साठवून ठेवलेली आदेशांची मालिका) शिकायला बहुतेक जण रेकॉर्डरपासून सुरुवात करतात. रेकॉर्डर चालू करायचा, चार कळा दाबायच्या, बंद करायचा. मग तेच काम एका कळीवर होतं. सुरुवातीला मजा येते. मग कधीतरी तोच मॅक्रो टेबलमध्ये चालवला जातो आणि अर्धविराम भलत्याच चौकटीत जाऊन बसतो. रेकॉर्डरने नोंदवलेलं असतं ‘एक ओळ खाली जा, ओळीच्या शेवटी जा, अर्धविराम टाक’. साध्या परिच्छेदात ते ठीक असतं. टेबलमध्ये ‘एक ओळ खाली’ म्हणजे खालची चौकट होते. रेकॉर्डरला कळा नोंदवता येतात. कळ दाबण्याआधी तुम्ही पडद्याकडे पाहून काय ठरवलंत, ते त्याला नोंदवता येत नाही.

ते ठरवणं मॅक्रोत हाताने लिहावं लागतं, आणि त्यासाठी मॅक्रोने आधी विचारायचं: कर्सर कुठे आहे? प्रश्न साधा दिसतो, पण त्याची तीन निरनिराळी उत्तरं असतात आणि सरकारी कचेरीतल्यासारखी ती तीन निरनिराळ्या खिडक्यांवर मिळतात. मजकुराच्या सुरुवातीपासून किती अक्षरं सोडून? पानावर नेमकं कुठल्या जागी? की कशाच्या आत, म्हणजे टेबलात, तळटिपेत, हेडरमध्ये, शीर्षकात? चुकीच्या खिडकीवर उभं राहिलात तर उत्तर मिळतं, फक्त ते तुमच्या कामाचं नसतं. मॅक्रो बिघडतात ते बहुतेक वेळा इथेच.

पुढे मी वर्डच्या व्हीबीए भाषेतली नावं उच्चाराप्रमाणे देतो आहे. प्रत्यक्ष लिहिताना ती रोमन लिपीतच लिहायची, अंकही तिकडचेच. ऑल्ट आणि एफ११ दाबलं की मॅक्रोचा संपादक उघडतो. त्यात कंट्रोल आणि जी दाबून ‘इमीजिएट’ नावाची छोटी खिडकी उघडा. तिथे प्रश्नचिन्ह टाकून पुढे एखादं नाव लिहिलं आणि एंटर दाबलं की उत्तर तिथल्या तिथे येतं. मॅक्रो न लिहिताच चाचपणी करता येते. शिकण्यासाठी याहून चांगली जागा नाही, तरी शिकवण्यांमध्ये तिचा उल्लेख शेवटच्या धड्यात का असतो कोण जाणे.

पहिली खिडकी: किती अक्षरांनंतर

वर्डच्या लेखी कर्सर नावाची वेगळी वस्तू नाही. आहे ते सिलेक्शन. काही मजकूर निवडलेला असेल तर सिलेक्शनला सुरुवात आणि शेवट असतो. काहीच निवडलेलं नसेल तर सुरुवात आणि शेवट एकाच जागी येतात आणि ती जागा म्हणजे लुकलुकणारा कर्सर. त्यामुळे पहिली तपासणी हीच: सिलेक्शन.स्टार्ट आणि सिलेक्शन.एंड सारखे आहेत का? किंवा सिलेक्शन.टाइप विचारा. उत्तर १ आलं तर नुसता कर्सर, २ आलं तर मजकूर निवडलेला आहे, ८ आलं तर एखादी आकृती निवडलेली आहे आणि मजकुराचे सगळे प्रश्न बाजूला ठेवलेले बरे.

हे आकडे अक्षरांना दिलेले नसतात, अक्षरांच्या मधल्या जागांना दिलेले असतात. पहिल्या अक्षराच्या आधीची जागा ०, त्याच्या नंतरची १, असं पुढे. फाइलमध्ये फक्त ‘पुणे’ एवढा शब्द असेल तर वर्ड तो प, उकार, ण, मात्रा असा चार घटकांचा धरतो. म्हणजे जागा ० ते ४. ‘पु’ आणि ‘णे’ यांच्या मध्ये कर्सर ठेवलात तर सिलेक्शन.स्टार्ट २ सांगेल. या देवनागरी हिशेबाकडे पुढे यायचंच आहे.

एवढ्यावर बऱ्याच तपासण्या होतात. कर्सर परिच्छेदाच्या सुरुवातीला आहे का? सिलेक्शन.स्टार्ट आणि सिलेक्शन.पॅराग्राफ्स(१).रेंज.स्टार्ट यांची तुलना करायची. परिच्छेदाच्या शेवटी आहे का? तिथे एक कमी करावं लागतं, कारण एंटर दाबल्यावर उमटणारी परिच्छेदखूण हीसुद्धा एक अक्षर धरली जाते आणि परिच्छेदाची रेंज, म्हणजे सुरुवात-शेवट ठरलेला मजकुराचा तुकडा, तिच्या पलीकडे संपते. म्हणून सिलेक्शन.एंड ची तुलना पॅराग्राफ्स(१).रेंज.एंड वजा १ शी. हाच वजा १ फाइलच्या शेवटालाही लागू होतो. प्रत्येक वर्ड फाइलमध्ये शेवटची एक परिच्छेदखूण असतेच, ती काढता येत नाही, आणि तिच्या पलीकडे कर्सर जाऊ शकत नाही. हा एक कमी करायचा राहिला की ‘शेवटी आहे का’ याचं उत्तर कायम ‘नाही’ येतं आणि माणूस तासभर दुसरीकडेच शोधत बसतो.

सिलेक्शन.स्टार्ट शून्य आला म्हणजे आपण फाइलच्या सुरुवातीला आहोत, असं मात्र समजू नका. वर्डची फाइल एकसंध नसते. मुख्य मजकूर, तळटिपा, टिप्पण्या, हेडर, फूटर, मजकूर-चौकटी हे सगळे स्वतंत्र प्रवाह आहेत, आणि वर्डच्या भाषेत त्यांना ‘स्टोरी’ म्हणतात. प्रत्येक स्टोरीची मोजणी पुन्हा ० पासून सुरू होते. त्यामुळे आकड्याआधी सिलेक्शन.स्टोरीटाइप विचारायचं. १ म्हणजे मुख्य मजकूर, २ तळटिपा, ७ नेहमीचं हेडर, ९ नेहमीचं फूटर. इथेच आणखी एक फसगत दडलेली आहे. ॲक्टिव्हडॉक्युमेंट.रेंज(५, ६) असं लिहिलं की वर्ड ते नेहमी मुख्य मजकुरातल्या ५ आणि ६ या जागांमधलं, म्हणजे सहावं अक्षर धरतो. कर्सर तळटिपेत असेल आणि तुम्ही तिथला आकडा घेऊन हे विचारलंत, तर मॅक्रो बिनतक्रार मुख्य मजकुरातलं कुठलं तरी अक्षर आणून देतो. चूक झाल्याचा संदेश येत नाही, मॅक्रो थांबत नाही. फक्त निकाल वेडावाकडा येतो.

दुसरी गोष्ट, हा आकडा पडद्यावर मोजलेल्या अक्षरांशी जुळेलच असं नाही. लपवलेला मजकूर मोजला जातो. अनुक्रमणिका किंवा पानक्रमांकासारख्या फील्डच्या मागचा संकेतही मोजला जातो. ट्रॅक चेंजेस (बदलांची नोंद ठेवणारी सोय) चालू असताना खोडलेला मजकूर, जोपर्यंत कोणी तो बदल स्वीकारत नाही, तोपर्यंत फाइलमध्येच असतो आणि तोही मोजला जातो. तेव्हा हा आकडा तुलनेसाठी वापरा, वाचकाला दाखवण्यासाठी नको.

दुसरी खिडकी: पानावर कुठे

ओळ ही फाइलमध्ये नसतेच, हे पचायला थोडा वेळ लागतो. फाइलमध्ये परिच्छेद असतात. ओळी वर्ड पडद्यावर मांडणी करताना पाडतो, आणि फाँट, समास, कधीकधी प्रिंटरही बदलला की त्या बदलतात. ‘कर्सर कितव्या ओळीत आहे’ याचं उत्तर म्हणून त्या क्षणापुरतंच खरं.

उत्तर मिळतं ते सिलेक्शन.इन्फर्मेशन कडून. त्याला कंसात एक आकडा द्यायचा. आकडा बदलला की माहिती बदलते. १० दिला तर पानावरची ओळ, ९ दिला तर त्या ओळीतलं कितवं अक्षर. ३ दिला तर फाइलच्या सुरुवातीपासून मोजलेलं पान, आणि १ दिला तर कागदावर छापलं जाणारं पान. या शेवटच्या दोहोंतला फरक पुस्तकाचं काम करणाऱ्यांना चटकन कळेल. प्रस्तावनेची बारा पानं सोडून मुख्य मजकूर पुन्हा १ पासून सुरू केला असेल, तर पहिल्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर ३ चं उत्तर १३ येईल आणि १ चं उत्तर १. सूचीसाठी दुसरं हवं, ‘अमुक पानावर जा’ असं करणाऱ्या मॅक्रोसाठी बहुधा पहिलं.

पानाच्या कडेपासूनचं अंतरही मिळतं. ५ दिला तर डाव्या कडेपासून, ६ दिला तर वरच्या कडेपासून. उत्तर पॉइंटमध्ये येतं, ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. पण कर्सरची जागा स्क्रोल होऊन पडद्याबाहेर गेलेली असेल तर उत्तर -१ येतं. ओळ विचारल्यावरही पानं पाडणं बंद असेल तर -१ येतं. तेव्हा -१ हे उत्तर नसून नकार आहे, आणि मॅक्रोत त्याची वेगळी सोय करावी लागते. नाहीतर तो ‘वरच्या कडेपासून -१ पॉइंट’ हे खरं धरून पुढचं गणित करत बसतो.

काही मजकूर निवडलेला असेल तर पान कुठल्या टोकाचं? जे टोक हलतं आहे त्याचं. माऊसने खालून वर निवडत नेलं तर हलतं टोक सुरुवातीचं असतं. सिलेक्शन.स्टार्टइजॲक्टिव्ह विचारलं की ते कळतं. दोन पानांवर पसरलेला मजकूर खालून वर निवडला आणि वरून खाली निवडला, तर पानाचा आकडा वेगळा येण्याचं कारण हेच.

कर्सर ओळीच्या सुरुवातीला आहे का, हे तपासायला वर्डने एक छुपी सोय ठेवली आहे. उलट्या तिरप्या रेघेने सुरू होणारे काही बुकमार्क वर्ड स्वतःच सांभाळतो. बुकमार्कांच्या यादीत ते दिसत नाहीत. त्यांतला ‘लाइन’ हा कर्सर असलेल्या ओळीचा, ‘पेज’ त्या पानाचा, ‘पॅरा’ परिच्छेदाचा, ‘सेल’ टेबलच्या चौकटीचा, आणि ‘हेडिंगलेव्हल’ हा त्या शीर्षकाखालच्या सगळ्या भागाचा. ॲक्टिव्हडॉक्युमेंट.बुकमार्क्स मध्ये रेघेसकट ‘लाइन’ लिहून त्याच्या रेंज.स्टार्ट शी सिलेक्शन.स्टार्ट ताडून पाहायचं, झालं काम.

जवळपास झालं, असं म्हणू. लांब परिच्छेदात एक ओळ संपून दुसरी आपोआप सुरू होते, तिथे वरच्या ओळीचा शेवट आणि खालच्या ओळीची सुरुवात यांचा आकडा एकच असतो, कारण मध्ये कुठलंही अक्षर नाही. एंड कळ दाबून वरच्या ओळीच्या शेवटी उभे असाल किंवा होम दाबून खालच्या ओळीच्या सुरुवातीला, सिलेक्शन.स्टार्ट दोन्हीकडे तोच. वर्ड बनवणाऱ्यांना हे माहीत होतं, म्हणून सिलेक्शन.आयपीॲटएंडऑफलाइन असा लांबलचक गुणधर्म फक्त एवढ्या एका कोड्यासाठी दिलेला आहे. ‘ट्रू’ आलं तर तुम्ही वरच्या ओळीच्या शेवटी आहात. वर्षानुवर्षं वर्ड वापरणाऱ्यांनाही हा गुणधर्म माहीत नसतो, आणि बहुतेकांचं त्यावाचून काही अडतही नाही.

तिसरी खिडकी: कशाच्या आत

रोजच्या मॅक्रोंना खरी गरज असते ती हिचीच. इन्फर्मेशन(१२) विचारलं की कर्सर टेबलात आहे की नाही ते कळतं. टेबलात असेल तर १३ दिल्यावर कितवी आडवी ओळ, १५ दिल्यावर एकूण ओळी, १६ दिल्यावर कितवा स्तंभ. १३ आणि १५ ची उत्तरं सारखी आली तर आपण शेवटच्या ओळीत आहोत. टॅब दाबल्यावर पुढच्या चौकटीत जायचं की नवी ओळ तयार होणार, हे त्यावरून आणि स्तंभाच्या आकड्यावरून आधीच ठरवता येतं. २८ विचारलं की हेडर-फूटरमध्ये आहोत का ते समजतं. १२ हा आकडा जुना आहे. व्हीबीए वर्डमध्ये आलं ते वर्ड ९७ पासून. त्याआधीच्या वर्डबेसिक भाषेतही सेलइन्फो(१२) असंच विचारत असत.

टेबलच्या प्रत्येक चौकटीच्या शेवटी एक अदृश्य खूण असते. ती जागा एकाच अक्षराची घेते, पण तिचा मजकूर वाचला तर १३ (हा परिच्छेदखुणेचा क्रमांक) आणि ७ या क्रमांकांची दोन चिन्हं हाती येतात. त्यामुळे ‘पुढचं अक्षर परिच्छेदखूण आहे का’ ही तपासणी टेबलात फसते. नुसतं १३ शी ताडून पाहिलं तर उत्तर ‘नाही’ येतं. उपाय सोपा आहे: वाचलेल्या मजकुराचं फक्त पहिलं चिन्ह घ्यायचं.

यादी आहे का? सिलेक्शन.रेंज.लिस्टफॉरमॅट.लिस्टटाइप शून्य नसेल तर आहे. शीर्षक आहे का? परिच्छेदाची आउटलाइनलेव्हल १ ते ९ असेल तर शीर्षक, १० म्हणजे साधा मजकूर. शैलीच्या नावाने शीर्षक ओळखण्यापेक्षा हे बरं, कारण वर्ड दुसऱ्या भाषेत बसवलेलं असेल तर नावं बदलतात, पातळी बदलत नाही. फॉर्ममधल्या भरायच्या रकान्यात कर्सर आहे का, हे रेंजच्या पेरेंटकंटेंटकंट्रोल वरून कळतं. ते ‘नथिंग’ असेल तर नाही. आणि एखाद्या ठरावीक भागाच्या आत आहोत का, हे इनरेंज सांगतं.

एक मॅक्रो, पायरी पायरीने

मुद्रितशोधन करताना संशयास्पद जागी ‘[तपासा]’ अशी खूण टाकायची आहे. खुणेआधी आणि नंतर मोकळी जागा नीट पडावी, दुहेरी पडू नये, आणि हेडरमध्ये चुकून काही उमटू नये. एका कळीचं काम, पण तिन्ही खिडक्यांपैकी दोनांवर जावं लागतं.

आधी स्टोरीटाइप. १ किंवा २ नसेल तर मॅक्रो गुपचूप संपवायचा. मग सिलेक्शन.टाइप. मजकूर निवडलेला असताना टाइपटेक्स्ट (मजकूर टाइप करणारा आदेश) चालवलं आणि ‘टाइप केल्यावर निवडलेला मजकूर बदला’ हा पर्याय चालू असेल, तर निवडलेला शब्द पुसून त्याजागी खूण येते. मुद्रितशोधकाला याहून वाईट काय. म्हणून आधी सिलेक्शन.कोलॅप्स वापरून कर्सर निवडीच्या शेवटी आणायचा. पण पूर्ण परिच्छेद निवडलेला असेल तर निवडीत परिच्छेदखूणही असते, आणि कोलॅप्स केल्यावर कर्सर पुढच्या परिच्छेदाच्या डोक्यावर जाऊन बसतो. तेव्हा निवडीचं शेवटचं चिन्ह १३ असेल तर आधी शेवट एक घर मागे घ्यायचा आणि मग कोलॅप्स.

आता आधीचं अक्षर. नवशिके इथे कर्सर एक घर मागे नेतात, अक्षर वाचतात आणि परत पुढे आणतात. चालतं, पण पडदा थरथरतो आणि मध्ये काही बिघडलं तर कर्सर भलतीकडेच राहतो. त्यापेक्षा सेट आर = सिलेक्शन.रेंज असं लिहून कर्सरच्या जागेची एक अदृश्य प्रत करायची आणि तिची सुरुवात एकने मागे न्यायची. आर.टेक्स्ट मध्ये आधीचं अक्षर मिळतं आणि खरा कर्सर जागचा हलत नाही. फक्त आधी बघायचं की स्टार्ट शून्यापेक्षा मोठा आहे. नसेल तर मागे काही नाहीच. ही प्रत ज्या स्टोरीतून केली त्याच स्टोरीत राहते, त्यामुळे वर सांगितलेली तळटिपेची फसगतही टळते.

परिच्छेदाच्या सुरुवातीला असू तर आधी मोकळी जागा नको. आधीचं अक्षर मोकळी जागा (३२), टॅब (९), न तुटणारी मोकळी जागा (१६०) किंवा उघडणारा कंस असेल तरी नको. नाहीतर एक टाकायची. तीच पद्धत पुढच्या बाजूला: दुसरी प्रत, तिचा शेवट एकने पुढे, पहिलं चिन्ह वाचायचं. १३, मोकळी जागा किंवा विरामचिन्ह असेल तर नंतर काही नको.

सगळं झाल्यावर कर्सर मूळ जागी न्यायचा असेल तर ती जागा आकडा म्हणून जपू नका, रेंज म्हणून जपा. मॅक्रोने आधीच्या भागात दहा अक्षरं घातली की जपलेला आकडा दहाने मागे पडतो. रेंज मात्र मजकुराबरोबर आपोआप सरकते. शेवटी त्या जपलेल्या रेंजवर सिलेक्ट एवढंच.

देवनागरीत काय होतं

हा मॅक्रो मराठी मजकुरावर चालवायचा तर आणखी एक तपासणी लागते. पडद्यावर आपल्याला ‘क्षि’ हे एक अक्षर दिसतं. फाइलमध्ये ती चार घरं असतात: क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी. बाणाच्या कळीने जाताना कर्सर सहसा जोडाक्षराच्या पोटात थांबत नाही. पण मॅक्रो आकड्याने जागा ठरवत असेल तर त्याला अशी लाज नाही. ‘पुणे’ मध्ये जागा १ धरून तिथे संयोगचिन्ह घातलं तर प एकटा पडतो आणि उकार ठिपक्यांच्या वर्तुळाखाली लटकतो.

अक्षराचा क्रमांक ॲस्कडब्ल्यू या फंक्शनने कळतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीचा मूळ पट्टा २३०४ ते २४३१ आहे. व्यंजनं २३२५ (क) ते २३६१ (ह). काना, वेलांट्या, उकार, मात्रा आणि शेवटी हलन्त मिळून २३६६ ते २३८१. चंद्रबिंदू, अनुस्वार, विसर्ग २३०५ ते २३०७. तपासणी अशी: पुढच्या अक्षराचा क्रमांक २३६६ ते २३८१ किंवा २३०५ ते २३०७ मध्ये पडत असेल, तर आपण अक्षराच्या पोटात आहोत. मागचं अक्षर हलन्त (२३८१) आणि पुढचं व्यंजन असेल, तरीही. दोन्हींपैकी काही असेल तर एक घर पुढे जाऊन पुन्हा विचारायचं, बाहेर पडेपर्यंत. ‘श्रीमन्’ सारख्या शब्दाच्या शेवटी हलन्त असतो, पण त्यानंतर मोकळी जागा येते, व्यंजन नाही. म्हणून दुसरी अट दोन्ही बाजू बघते.

मराठीचा आणखी एक खास त्रास: ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात नुक्ता असलेला ऱ (२३५३), मग हलन्त, मग य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह (८२०५) आणि य. दिसायला दोन्ही सारखे. पण दुसऱ्या प्रकारात हलन्ताच्या पुढे व्यंजन नसून ते जोडचिन्ह येतं, आणि वरची अट तिथे फसते. म्हणून ८२०५ सुद्धा ‘पोटात आहोत’ याच यादीत घालायचा, आणि तो मागे असेल तरीही.

हे आकडेच का, सरळ अक्षरं का लिहू नयेत? कारण व्हीबीएचा संपादक युनिकोड जाणत नाही. त्यात ‘क’ टाकलात तर सहसा प्रश्नचिन्हच उमटतं. आपल्या ‘[तपासा]’ लाही हेच लागू, म्हणून खुणेतलं प्रत्येक अक्षर सीएचआरडब्ल्यू मध्ये त्याचा क्रमांक देऊन बनवावं लागतं. कंटाळवाणं काम आहे. सोपी वाट म्हणजे खूण मजकुरात एकदा टाइप करून ती ऑटोटेक्स्ट म्हणून साठवायची आणि मॅक्रोला तिथून उचलू द्यायची.

वर्ड सोडून

लिबरऑफिस रायटरमध्ये विचारच वेगळा आहे. तिथे दोन कर्सर असतात. पडद्यावर दिसणारा व्ह्यूकर्सर आणि मॅक्रोने हवे तितके तयार केलेले, न दिसणारे टेक्स्टकर्सर. पान आणि ओळ व्ह्यूकर्सरला विचारायची: गेटपेज, इजॲटस्टार्टऑफलाइन. शब्द, वाक्य, परिच्छेद टेक्स्टकर्सरला: इजस्टार्टऑफपॅराग्राफ, इजएंडऑफवर्ड. ही विभागणी पटण्यासारखी आहे, कारण ओळ ही मांडणीची गोष्ट आणि वाक्य ही मजकुराची. वर्डने दोन्ही एकाच सिलेक्शनमध्ये कोंबल्या आहेत. टेबलात आहोत का हे व्ह्यूकर्सरच्या टेक्स्टटेबल गुणधर्मावरून कळतं; तो रिकामा नसेल तर आहोत. वर्डसारखा जागेचा सरळ आकडा मात्र रायटर देत नाही. परिच्छेदात किती अक्षरांनंतर आहोत हे हवं असेल तर व्ह्यूकर्सरच्या जागी टेक्स्टकर्सर तयार करून तो निवड करत परिच्छेदाच्या सुरुवातीला न्यायचा आणि निवडलेल्या मजकुराची लांबी मोजायची.

गुगल डॉक्सच्या ॲप्स स्क्रिप्टमध्ये गेटकर्सर आहे, पण मजकूर निवडलेला असेल तर ते ‘नल’ (म्हणजे काहीच नाही) देतं आणि तेव्हा गेटसिलेक्शन कडे जावं लागतं. कर्सरकडून तो कुठल्या घटकात आहे आणि त्यात किती अक्षरांनंतर आहे एवढंच कळतं. ओळ नाही, पान नाही. आणि स्क्रिप्ट त्या फाइललाच जोडलेली हवी, बाहेरच्या स्क्रिप्टला कर्सर दिसत नाही.

मॅक्रो दुसऱ्याला द्यायचा असेल तर फाइल डीओसीएम प्रकारात साठवावी लागते. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलमधले मॅक्रो २०२२ सालापासून ऑफिस मुळातच अडवतं, आणि ब्राउझरमधल्या वर्डमध्ये व्हीबीए चालतच नाही.

राहता राहिले जुने फाँट. महाराष्ट्रातल्या अनेक छापखान्यांत आणि कचेऱ्यांत अजूनही युनिकोड नसलेल्या फाँटांतल्या फायली येतात. पडद्यावर देवनागरी दिसते, आत रोमन अक्षरांचे क्रमांक असतात. कृतिदेव या अशाच एका फाँटमधल्या ‘कि’ च्या जागी ॲस्कडब्ल्यू आधी १०२ आणि मग १०० सांगेल, म्हणजे वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली. वर लिहिलेली अक्षराच्या पोटाची तपासणी तिथे पूर्ण निकामी. म्हणून मॅक्रोच्या सुरुवातीला परिच्छेदातली काही अक्षरं तपासून घ्यावीत. एकाचाही क्रमांक २३०४ ते २४३१ मध्ये पडला नाही आणि पडद्यावर मात्र मराठी दिसत असेल, तर तो मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा आणि मग खुणा टाकायला बसायचं.